हार्ट अटॅक आणि प्लेटलेट्स : कोण होते जुलिओ बिझोझेरो?

हार्ट अटॅकनंतर अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशा गोळ्या सुरू होतात, त्या प्लेटलेट्सना आवरण्यासाठी. रक्तातल्या या सूक्ष्म कणांचे काम ओळखले इटलीच्या जुलिओ बिझोझेरो यांनी.

१८४६ मध्ये वारेसे येथे जन्मलेले बिझोझेरो विसाव्या वर्षी पावियातून डॉक्टर झाले, पुढे तुरिनमध्ये प्राध्यापक. हे कण आधीही काहींना दिसले होते. पण अनेकांना ते फुटलेल्या पेशींचे तुकडे वाटत. बिझोझेरोंनी ते जिवंत प्राण्याच्या वाहत्या रक्तातच पाहिले. रक्तवाहिनीला इजा होताच ते तिथे चिकटतात, गोळा होतात आणि गुठळी धरू लागते, हे त्यांनी १८८२ मध्ये मांडले. हार्ट अटॅकमध्ये बहुतेकदा हेच होते. हृदयाच्या धमनीतला चरबीचा थर फाटतो, प्लेटलेट्स ती जखम समजून धावतात आणि रक्ताची वाटच बंद होते. अटॅकनंतरही त्या काही काळ जास्त सक्रिय असतात. म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नसतात.

पुढे डोळ्यांच्या आजाराने बिझोझेरोंचा मायक्रोस्कोप सुटला. ते सार्वजनिक आरोग्याकडे वळले, सिनेटर झाले. १९०१ मध्ये न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. अ‍ॅस्पिरिन तेव्हा बाजारात होती, पण ताप आणि दुखण्यासाठी. ती प्लेटलेट्सना रोखते, हे कळायला १९६०चे दशक उजाडले.