शंकर आबाजी भिसे : यंत्र तयार आहे, पुढे काय?



आजचा पाठ एका संशोधकाच्या चरित्राचा आहे. पण आधी माझी एक चूक सांगते, कारण त्या चुकीमुळेच मी या माणसापर्यंत पोचले.

आमच्या तळवलीत मासळी विकणाऱ्या बायका बऱ्याच. त्यातल्याच एकीचा मुलगा माझ्या वर्गात होता. बर्फ वितळला की पाणी डब्यात साचतं आणि खालची मासळी मऊ पडते, हे तो रोज बघायचा. त्याने डब्याला उतरता जाळीचा तळ बसवला आणि खालून पाणी एका बाटलीत उतरवलं. साधी गोष्ट, पण डोकं त्याचं स्वतःचं. मी कौतुकाने व्हिडिओ काढला आणि पाच मिनिटांत चार ग्रुपवर टाकला. संध्याकाळी एमआयडीसीतल्या कारखान्यात काम करणाऱ्या एका पालकांचा फोन आला. आधी पेटंटचा अर्ज केला होता का, असं त्यांनी विचारलं. मला काही कळेना. मग त्यांनीच समजावलं: अर्जाआधी एखादी गोष्ट सगळ्यांना उघड दाखवली, तर कायद्याच्या दृष्टीने ती सहसा नवी राहत नाही. थोडे अपवाद आहेत, पण व्हॉट्सॲपचा ग्रुप काही त्यात बसत नाही.

मला फार लागलं ते. डब्याला पेटंट मिळालंच असतं असं नाही. पण निर्णय त्या मुलाचा आणि त्याच्या आईचा होता, तो मी परस्पर घेऊन टाकला. त्यानंतर या विषयावर वाचत गेले आणि भिसे सापडले. डी.एड.ला असताना त्यांचं नाव कधी ऐकल्याचं मला आठवत नाही. तुम्ही ऐकलं होतं का?

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईचा. त्या काळची मुंबई म्हणजे कापडगिरण्यांची. यंत्रं होती, पण ती विलायतेहून आलेली. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्येच स्थापन झालं होतं, तरी त्याचं मुख्य काम परीक्षा घेणं आणि पदव्या देणं. संशोधनाची प्रयोगशाळा नाही, मग कुणी काही शोधून काढलं तर त्याचं पुढे काय करायचं हे सांगणारं खातं कुठून असणार? भिसे मग शिकले कशावर? ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकावर. अंक मिळवायचे, चित्रं बघायची आणि तसं घरी करून पाहायचं. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी कोळशापासून वायू तयार करणारं उपकरण बनवलं होतं. (आपल्या वर्गातल्या चौदा वर्षांच्या मुलाने असं काही केलं, तर आपण पहिल्यांदा ओरडू. ओरडायलाही हवं, पण नंतर बघायलाही हवं.)

विशीत त्यांनी किती वेगवेगळ्या गोष्टींना हात घातला! छेडछाड करता येणार नाही अशी बाटली, सायकलसाठी विजेची जोडणी, मुंबईच्या उपनगरी गाड्यांसाठी स्थानकाचं नाव दाखवणारा दर्शक. आपल्या मुलांना सांगा, त्या वेळी मुंबईच्या लोकल वाफेवर धावत होत्या. विजेची पहिली लोकल आली १९२५ मध्ये. त्यांनी मुंबईत विज्ञानाचं मंडळ काढलं आणि ‘विविध कलाप्रकाश’ नावाचं मासिक मराठीतून चालवलं. हे काम मला यंत्रांइतकंच मोठं वाटतं, पण त्याबद्दल कमी बोललं जातं.

मग १८९० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या एका मासिकाने स्पर्धा जाहीर केली. दुकानात किराणा माल आपोआप तोलून देईल असं यंत्र सुचवायचं होतं. भिसेंनी आराखडा पाठवला, आणि तिथल्या ब्रिटिश स्पर्धकांना मागे टाकून बक्षीस मिळवलं. दिनशा वाच्छा तेव्हा काँग्रेसचे मोठे पुढारी. त्यांनी लंडनला दादाभाई नौरोजींच्या नावे ओळखपत्र दिलं, आणि भिसे बोटीत बसले.

दादाभाई म्हणजे भारताची संपत्ती इंग्लंडला कशी वाहून जाते, याचा हिशोब मांडणारे. त्यांना या तरुणात काय दिसलं असेल, याचा विचार करून बघा. भारतीय माणसाने शोध लावायचा आणि त्याचा पैसा भारतीयाकडे यायचा, ही उलटी वाट होती. त्यांनी भिसेंच्या कामाला पैसा पुरवला. भिसे एकामागून एक पेटंट घेत गेले. विजेवर चालणारी जाहिरातीची पाटी त्यांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये दाखवली. स्वयंपाकघरातली उपकरणं, शौचकुपात आपोआप पाणी सोडणारी योजना, असं काय काय केलं.

इथे जरा थांबून मुलांना पेटंट म्हणजे काय ते सांगायला हवं. शोध कसा केला हे तुम्ही सगळं लिहून सरकारला द्यायचं. बदल्यात सरकार ठरावीक वर्षं तुम्हाला हक्क देतं, की तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याने ती वस्तू बनवून विकायची नाही. तेव्हा इंग्लंडात ही मुदत १४ वर्षं होती, आज आपल्याकडे २० वर्षं आहे. प्रत्येक देशाचं पेटंट वेगळं, आणि ते टिकवायला फी भरत राहावी लागते. फी थांबली की हक्क संपला. म्हणजे पेटंट नुसतं घेऊन ठेवलं, तर ते घरखर्चात भरच टाकतं. पैसा येतो तो कुणीतरी ती वस्तू बनवायला घेतली, किंवा हक्क विकत घेतला तर. भिसेंचं घोडं अडलं ते नेमकं इथेच.

त्यांचा सगळ्यात मोठा शोध छपाईच्या खिळ्यांचा. शिशाच्या मिश्रधातूचा रस साच्यात ओतून एकेक अक्षर पाडायचं, रस थंड झाला की अक्षर बाहेर. थंड व्हायला वेळ लागतो, म्हणून यंत्राचा वेग तिथेच अडकतो. भिसेंनी एका वेळी अनेक अक्षरं पाडणारं यंत्र रचलं. मिनिटाला १२०० अक्षरं पाडण्याची त्याची ताकद सांगितली जात असे. त्याचं नाव भिसोटाइप. लंडनच्या नामांकित कॅस्लन फाउंड्रीतल्या जाणकारांना आधी हे खरं वाटलं नव्हतं.

यंत्र चाललं. पण कारखान्यासाठी भांडवल? दादाभाईंचे स्नेही, समाजवादी नेते हेन्री हाइंडमन यांनी १५,००० पौंड उभे करायचा प्रयत्न केला. डिसेंबर १९०७ मध्ये ते जमणार नाही हे स्पष्ट झालं. दादाभाई तोवर ऐंशी पार करून थकले होते आणि भारतात परतले होते. १९०८ मध्ये भिसेंनी कार्यशाळा बंद केली आणि तेही मुंबईच्या बोटीत चढले.

बोटीवर त्यांची गाठ पडली गोपाळ कृष्ण गोखल्यांशी! गोखल्यांनी रतनजी टाटांकडे शब्द टाकला. जमशेटजींचे हे धाकटे चिरंजीव. त्यांच्या पैशावर टाटा-भिसे सिंडिकेट उभं राहिलं आणि भिसे पुन्हा लंडनला गेले. पण यंत्रात सुधारणा करण्यात वर्षं जात होती, विक्री होत नव्हती. त्यात महायुद्ध पेटलं. सिंडिकेट गुंडाळलं गेलं, आणि भिसे अमेरिकेला निघाले.

चूक कोणाची? मला विचाराल तर भिसेंचीही थोडी होती. यंत्र आणखी चांगलं करण्याच्या नादात ते विकण्याची वेळ पुढे ढकलली गेली असं वाटतं. पण एकच माणूस शोध लावणार, अर्ज लिहिणार, फी भरणार, भांडवलदार शोधणार आणि कराराची कलमंही वाचणार, हे कसं जमायचं? वाच्छा, दादाभाई, हाइंडमन, गोखले यांनी ओळखीवर जे केलं, ते आज विद्यापीठातला एक कक्ष करतो. प्राध्यापकाने किंवा विद्यार्थ्याने काही शोधलं, की तो कक्ष ते तपासतो, पेटंटचा अर्ज करतो, उद्योगाला परवाना देतो आणि आलेल्या पैशाची वाटणी नियमाने करतो. गंमत बघा, भिसे अमेरिकेत असतानाच, १९२५ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठासाठी अशी एक संस्था उभी राहिली. तिथले प्राध्यापक हॅरी स्टीनबॉक यांनी अन्नातलं ड जीवनसत्त्व वाढवण्याची रीत शोधली होती. त्यांच्या पेटंटचे परवाने त्या संस्थेने कंपन्यांना दिले आणि उत्पन्न पुन्हा संशोधनाकडे वळवलं. भिसे त्याच देशात होते. पण ते कुठल्या विद्यापीठाचे नव्हते.

आपल्याकडे २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या फीमध्ये ८० टक्के सवलत आहे, हे सहज जाता जाता सांगते. शिवाय तात्पुरता अर्ज करून ठेवला की पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात.

न्यूयॉर्कमध्ये भिसेंनी खिळ्यांच्या यंत्रासाठी कंपनी काढली. तरी त्यांच्या हाती पैसा आला तो मुख्यतः ॲटोमिडीन या आयोडीनच्या औषधातून. अमेरिकेत त्यांना भारताचे एडिसन म्हणू लागले, आणि १९३० मध्ये खऱ्या एडिसनची भेटही झाली. सुमारे २०० शोध, त्यातल्या ४० च्या आसपास पेटंट. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते गेले.

हा पाठ मी वर्गात घेतला तेव्हा शेवटी एकच प्रश्न दिला. वाफेच्या लोकलमध्ये, विजेशिवाय, पुढचं स्टेशन कोणतं हे डब्यातल्या माणसाला कसं दाखवाल? मासळीच्या डब्यावाला मुलगा म्हणाला की चाकाला दोरी जोडून पट्टा फिरवायचा. एक मुलगी लगेच म्हणाली की गाडी मागे घेतली तर नावं उलटी येतील. अर्धा तास वाद चालला. फोन मी पर्समध्येच ठेवला होता. वहीत तारीख टाकली, दोघांची नावं आणि आकृत्या लिहून घेतल्या, खाली त्यांच्या सह्या घेतल्या, आणि वही कपाटात कुलपात ठेवली.