एसएनडीटी विद्यापीठाचं जपान कनेक्शन: महर्षी कर्वे टोकियोला का गेले होते?

डहाणू लोकलने चर्चगेटला उतरून कॉलेजला जाणाऱ्या कितीतरी मुली एसएनडीटीची पाटी रोज बघतात. पण या विद्यापीठाचं मूळ टोकियोत आहे, हे तुम्हाला माहितीये का?

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ चा, कोकणातला. मुरूडमध्ये वाढलेला हा मुलगा परीक्षेसाठी कुंभार्ली घाटातून चालत साताऱ्याला गेला. तिथे वय लहान दिसतं म्हणून त्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही. तरी शिक्षण सुटलं नाही. पुढे ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. तो पुढे पुण्याजवळच्या हिंगण्याला गेला.

अशातच टपालाने एक पुस्तिका आली. ती होती जिन्झो नारुसे यांनी १९०१ मध्ये टोकियोत सुरू केलेल्या महिला विद्यापीठाची. कर्व्यांनी ती बाजूला ठेवली होती. १९१५ मध्ये सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणाची तयारी करताना त्यांनी ती पुन्हा उघडली आणि चित्रच बदललं. जपानी मुली उच्च शिक्षण स्वतःच्या भाषेत घेत होत्या. मग आपल्या मुलींना ते इंग्रजीतूनच का?

पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, महिला विद्यापीठ सुरू झालं. माध्यम मातृभाषा, आणि इंग्रजी सक्तीचा विषय. विद्यार्थिनी मोजक्या, पैसा तुटपुंजा आणि सरकारी मान्यता नाही. मुलींसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हणजे दुय्यम शिक्षण, अशी टीकाही झाली. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव विद्यापीठाला मिळालं.

पण ज्या देशाकडे बघून हे सगळं उभं केलं, तो कर्व्यांनी पाहिलाच नव्हता! १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते जगप्रवासाला निघाले. युरोप आणि अमेरिका करून ते जपानला पोहोचले आणि पुस्तिकेतलं विद्यापीठ त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं. परतल्यावर काही महिन्यांतच ते निधीसाठी आफ्रिकेला गेले.

विद्यापीठाला कायदेशीर दर्जा मिळाला तो स्वातंत्र्यानंतर. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, कर्वे भारतरत्न झाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

पुढच्या वेळी चर्चगेटला ती पाटी दिसली, की टोकियोहून आलेली ती पुस्तिका नक्की आठवा.