तीन देशांची माती, एकच चाक

विसाव्या शतकातील आधुनिक कलेचा विचार बाऊहाउस या जर्मन कलाशाळेला वगळून करता येत नाही. काच आणि पोलादाच्या इमारती, धातूच्या नळ्यांच्या खुर्च्या आणि अमूर्त चित्रे यांमुळे ही शाळा जगभर ओळखली जाते. तिच्या कुंभारशाळेची आठवण मात्र क्वचितच कुणी काढतो. वायमार शहरापासून दूर, डॉर्नबुर्ग नावाच्या खेड्यात, राजवाड्याच्या जुन्या पागेत ही शाळा भरत असे. तिथून जे मोजके विद्यार्थी तयार झाले त्यांत मार्गरीट वाइल्डनहाइन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. जर्मनी, नेदरलँड्स आणि अमेरिका अशा तीन देशांत त्यांनी आपले चाक मांडले. त्यांपैकी दोन देशांतून त्यांना मांडलेला डाव मोडून निघावे लागले.

मार्गरीट यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८९६ रोजी फ्रान्समधील लिओं येथे झाला. माहेरचे आडनाव फ्रीडलेंडर. वडील जर्मन ज्यू, रेशमाचे व्यापारी, आई इंग्लिश. त्यामुळे फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी या तिन्ही भाषा घरातच कानावर पडल्या. बर्लिनमध्ये शिल्पकलेचे शिक्षण घेतल्यानंतर रुडोलश्टाट येथील चिनी मातीच्या कारखान्यात त्यांनी भांड्यांवरील नक्षीचे काम केले. इतरांनी घडविलेल्या भांड्यांवर आपण केवळ रंग चढवतो, त्या भांड्याच्या आकाराशी आपला काही संबंध नाही, ही गोष्ट त्यांना तिथे खटकू लागली.

१९१९ साली वायमारला गेल्या असताना त्यांच्या दृष्टीस एक जाहीरनामा पडला. वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपियस यांनी बाऊहाउसच्या स्थापनेनिमित्त तो काढला होता. कलावंत आणि कारागीर यांच्यातील उच्चनीचतेची भिंत पाडण्याचे आवाहन त्यात होते. मार्गरीट यांनी त्याच वेळी या शाळेत जाण्याचा निश्चय केला आणि त्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक झाल्या.

डॉर्नबुर्गच्या शाळेला गुरू दोन होते. शिल्पकार गेरहार्ड मार्क्स आकाराची दृष्टी देत, तर माक्स क्रेहान हात घडवीत. क्रेहान हे पिढीजात कुंभार. पुस्तकी सिद्धांतांशी त्यांचे फारसे सख्य नव्हते. विद्यार्थ्यांनी माती मळायची, लाकडे फोडायची, भट्टी रचायची आणि ती रात्रभर जागून पेटती ठेवायची, असा तिथला शिरस्ता होता. एकच आकार शेकडो वेळा चाकावर काढायचा आणि मोडायचा. या खडतर उमेदवारीचा ठसा मार्गरीट यांच्या मनावर आयुष्यभर राहिला.

१९२५ मध्ये राजकीय विरोधामुळे बाऊहाउसला वायमार सोडावे लागले. शाळा डेसाऊला गेली, पण कुंभारशाळा तिच्याबरोबर गेली नाही. मार्क्स यांच्यापाठोपाठ मार्गरीटही हाल्ले येथील बुर्ग गीबिखेनश्टाइन या कलाशाळेत आल्या आणि तेथील मृत्तिकाविभागाची धुरा त्यांच्याकडे आली. १९२६ मध्ये त्यांनी उस्ताद कुंभाराची परीक्षा दिली. जर्मनीत हा दर्जा मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला मानल्या जातात.

याच काळात बर्लिनच्या सरकारी पोर्सिलीन कारखान्यासाठी त्यांनी भांड्यांचे आराखडे केले. १९३०च्या सुमारास आलेला त्यांचा ‘हाल्ले’ संच त्या काळच्या सजावटप्रिय अभिरुचीला धक्का देणारा होता. फुले, वेली, सोनेरी महिरपी या साऱ्यांना त्यात रजा मिळाली होती. उरली होती ती पांढरीशुभ्र, सलग वळणाची भांडी. यंत्रावर निघणाऱ्या या भांड्यांचा आकार त्यांनी आधी हाताने, चाकावर शोधला होता. सामान्य माणसाच्या जेवणाच्या मेजावर उत्तम आकार पोहोचावा, हे बाऊहाउसचे स्वप्न या संचाने काही अंशी साकार केले. १९३० मध्येच आपले विद्यार्थी आणि सहकारी फ्रान्स वाइल्डनहाइन यांच्याशी त्या विवाहबद्ध झाल्या.

हे सुख फार काळ टिकणार नव्हते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू असल्यामुळे मार्गरीट यांचे पद गेले. त्यांची बाजू घेणारे मार्क्स यांनाही नोकरी गमवावी लागली. मार्गरीट यांनी देश सोडला आणि नेदरलँड्समधील पुट्टन या छोट्या गावी आश्रय घेतला. पाठोपाठ फ्रान्सही आले. दोघांनी तिथे ‘हेट क्राउक्ये’, म्हणजे ‘छोटी सुरई’, नावाची कार्यशाळा काढली. पदव्या, कारखाने, विद्यार्थी मागे राहिले होते. पोट भरायचे ते रोज घडविलेल्या भांड्यांवर. याच काळात मास्त्रिख्त येथील रेगाऊट कारखान्यासाठी त्यांनी चहाचा संच तयार केला. डच घरांतील रोजच्या वापराला साजेशी, साधी आणि भक्कम भांडी हे दाम्पत्य घडवीत राहिले.

युद्धाचे ढग दाटले तेव्हा पुन्हा निघण्याची वेळ आली. अमेरिकेचा परवाना जन्मस्थानानुसार ठरलेल्या कोट्यातून मिळत असे. फ्रान्समध्ये जन्मलेल्या मार्गरीट यांना तो मिळाला. जर्मनीत जन्मलेल्या त्यांच्या पतीला मिळाला नाही. मार्च १९४० मध्ये त्या एकट्याच जहाजात बसल्या. १० मे रोजी जर्मन फौजा नेदरलँड्समध्ये शिरल्या. फ्रान्स यांना पुढे जर्मन सैन्यात सक्तीने भरती करण्यात आले. तिथून पळून ते भूमिगत राहिले. पती-पत्नींची भेट व्हायला १९४७ साल उजाडावे लागले. सात वर्षांच्या ताटातुटीनंतर जुळलेला संसार मात्र टिकला नाही. काही वर्षांतच दोघे कायमचे विभक्त झाले.

अमेरिकेत ओकलंडच्या कलामहाविद्यालयात काही काळ शिकविल्यानंतर १९४२ मध्ये मार्गरीट कॅलिफोर्नियातील गर्नव्हिलजवळच्या पाँड फार्मवर राहायला गेल्या. गॉर्डन आणि जेन हर या दाम्पत्याने तिथे कलावंतांची वसाहत वसविण्याचा संकल्प सोडला होता. एका जुन्या कोठाराची कार्यशाळा झाली. १९४९ मध्ये सुरू झालेली ही सामूहिक शाळा आपसांतील मतभेद आणि जेन यांचे निधन यांमुळे १९५३ पर्यंत विस्कटली. बाकीचे निघून गेले. मार्गरीट एकट्या तिथेच राहिल्या आणि १९८० पर्यंत दर उन्हाळ्यात शिकवीत राहिल्या.

त्यांची पद्धत नवागतांना चक्रावून टाकणारी होती. सुरुवात कुत्र्याला खाणे घालण्याच्या उथळ भांड्यापासून. ते जमले की पुढचा आकार. प्रत्येक भांडे पाहून, कापून, त्याची माती पुन्हा बादलीत जाई. उन्हाळा संपल्यावर विद्यार्थ्याने घरी न्यायचे ते रिकामे हात. भांडे हे फळ. माणसाची नजर, सचोटी आणि चिकाटी हे झाड, अशी त्यांची धारणा होती. झाड नीट वाढले तर फळांची चिंता करावी लागत नाही.

वादालाही त्या कचरल्या नाहीत. अमेरिकेला कुंभारकलेची स्वतःची परंपरा नाही, असे मत सुप्रसिद्ध ब्रिटिश कुंभार बर्नार्ड लीच यांनी मांडले, तेव्हा १९५३ मध्ये त्यांना उद्देशून मार्गरीट यांनी जाहीर पत्र लिहिले. अनेक देशांतून आलेल्या लोकांच्या भूमीला अनेक मुळे असणारच, आणि जपानचे अनुकरण हा त्यावर उपाय नव्हे, हे त्यांनी ठामपणे सांगितले. तीन देशांची माती हाताळलेल्या कलावंताला हे सांगण्याचा अधिकार निश्चितच होता.

विस्थापनाने त्यांची पाठ अमेरिकेतही सोडली नाही. १९६०च्या दशकात पाँड फार्मची जमीन राज्य सरकारने उद्यानासाठी ताब्यात घेतली. या वेळी मात्र त्यांना हयातभर तिथे राहण्याची मुभा मिळाली. २४ फेब्रुवारी १९८५ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. २०१४ मध्ये पाँड फार्मचा समावेश अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत झाला.

मार्गरीट यांची भांडी आज संग्रहालयांच्या काचेआड सुरक्षित आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांची पाँड फार्मवरील भांडी मात्र कुठेही पाहायला मिळणार नाहीत, कारण ती कधी भाजलीच गेली नाहीत. घर, देश आणि हुद्दा कुणीही हिरावून घेऊ शकतो, हे मार्गरीट यांनी अनुभवले होते. हाताला लागलेले वळण तेवढे कुणाला हिरावता येत नाही. पाँड फार्मवरून रिकाम्या हाताने परतणारा विद्यार्थी तेवढे एक धन घेऊन जात असे.