अ‍ॅक्रनच्या हॉटेलातला फोन

हा लेख द्यावा की नाही यावर आठवडाभर डोकं खाजवलं. शेवटी ज्याच्यामुळे लिहितोय त्यालाच विचारलं. तो म्हणाला, लिही, फक्त नाव टाकू नको. म्हणून त्याला नुसतं पार्टनर म्हणतो.

सेकंड इयरपर्यंत पार्टनरचं पिणं हा आमच्या विंगमधला विनोद होता. सबमिशन झालं की पार्टी, केटी लागली तरी पार्टी. थर्ड इयरला व्हायवाच्या सकाळी हात थरथरतात म्हणून तो प्यायला लागला, तेव्हा आमचं हसू थांबलं. घाबरत घाबरत एका सरांना सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी एक फोन नंबर दिला. अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे ए.ए.चा. पलीकडच्या माणसाने कॉलेज विचारलं नाही की आडनाव विचारलं नाही. मीटिंग कुठे आणि किती वाजता एवढंच सांगितलं. ती ओपन मीटिंग होती, त्यामुळे मलाही सोबत जाता आलं.

एका शाळेचा वर्ग, लहान मुलांची बाकं, चहा, आणि टेबलावर दोन गोऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो. परत येताना पार्टनरने विचारलं, ते दोघे कोण रे? मला कुठे माहीत! मग शोधून वाचलं. त्यातल्या एकाची ही गोष्ट.

बिल विल्सन. जन्म २६ नोव्हेंबर १८९५, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं ईस्ट डॉर्सेट हे गाव. आई-वडील वेगळे झाले आणि पोरगा आजी-आजोबांकडे वाढला. १९१२ साली त्याची शाळेतली मैत्रीण ऑपरेशननंतर वारली. तो इतका खचला की शाळासुद्धा वेळेवर पास झाला नाही. पुढे सैन्यात अधिकारी झाला, पण चार लोकांत बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. १९१७ मध्ये एका मेजवानीत पहिला ग्लास घेतला आणि गडी एकदम मोकळा झाला. इथे मी वाचायचा थांबलो. आमच्या फ्रेशर्स पार्टीच्या रात्री पार्टनरचं अगदी हेच झालं होतं.

१९१८ मध्ये लोइसशी लग्न झालं. बिल हुशार होता. मोटरसायकलला साइडकार जोडून नवरा-बायको गावोगाव फिरले. कंपन्यांची खरी स्थिती जाऊन बघायची आणि वॉल स्ट्रीटला कळवायची, असं ते काम. पैसा आला, तशी बाटलीही वाढली. कायद्याचा अभ्यास केला, पण पदवी पदरात पडली नाही. १९२९ ला शेअर बाजार कोसळला आणि हाही कोसळला. लोइस दुकानात नोकरी करून घर चालवू लागली. न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये तो चार वेळा भरती झाला. तिथले डॉक्टर सिल्कवर्थ दारूच्या व्यसनाला आजार मानत. त्या काळी बहुतेक लोक त्याला नुसता नालायकपणा समजायचे. डिसेंबर १९३४ ची भरती शेवटची ठरली.

त्यानंतर पाच महिने त्याने दिसेल त्या दारुड्याला सुधारायचा प्रयत्न केला. एकही सुधारला नाही. पण या खटपटीत तो स्वतः कोरडा राहिला होता!

मे १९३५ मध्ये कामासाठी तो ओहायोतल्या अ‍ॅक्रनला गेला. काम फिसकटलं. खिशात थोडेच पैसे, परकं गाव, आणि हॉटेलच्या लॉबीत समोरच बार. पाय तिकडे ओढत होते. त्याने बारऐवजी फोन गाठला. चर्चच्या यादीतले नंबर फिरवत राहिला, कोणीतरी आपल्यासारखाच पिणारा भेटवा म्हणून. शेवटी एक सर्जन भेटला, डॉक्टर बॉब स्मिथ. तो पंधरा मिनिटंच बसणार होता, पण दोघे काही तास बोलत बसले. बिलने उपदेश केलाच नाही, फक्त स्वतःचं सांगितलं. बॉब पुढे एकदा घसरला, मग मात्र कायमचा थांबला. त्याच्या शेवटच्या पेगचा दिवस, १० जून १९३५, हाच ए.ए.चा स्थापनादिन मानतात.

१९३९ मध्ये पुस्तक आलं, त्यात बारा पायऱ्या. फी नाही, हजेरीपट नाही, आडनाव नाही. पिणं थांबवायची इच्छा असली की झालं. १९५१ मध्ये लोइसने घरच्यांसाठी अल-अनॉन सुरू केलं. येल विद्यापीठाची मानद पदवी बिलने नाकारली. पण तो काही संत नव्हता. नैराश्याने त्याला वर्षानुवर्षं छळलं. दारू सुटली, सिगरेट मात्र सुटता सुटली नाही. फुप्फुसं निकामी होत गेली आणि २४ जानेवारी १९७१ ला तो गेला. त्या दिवशी त्याच्या लग्नाला ५३ वर्षं झाली होती.

हे सगळं मी पार्टनरला सांगितलं. त्याला फक्त फोनचा भाग आवडला. मध्ये तोही एकदा घसरला. त्या रात्री मला वाटलं, संपलं सगळं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो एकटाच बस पकडून मीटिंगला गेला. त्याला आता आठ महिने झालेत. तो मात्र फक्त आजचं बोलतो.

तुमच्या विंगमध्ये असा कोणी विनोद झाला असेल, तर त्याच्यावर हसू नका. लेक्चरही देऊ नका. फोन नंबर शोधून द्या, आणि पहिल्या दिवशी सोबत जा. बाकं लहान आहेत, पण बसता येतं.