विषाचे औषध करणारा वैद्य

विल्यम विदरिंग यांचा जन्म १७४१ साली इंग्लंडात झाला. बर्मिंगहॅम शहरातील हे नामांकित वैद्य वनस्पतिशास्त्राचेही व्यासंगी होते. त्या काळी अंगात पाणी साठून सूज येण्याच्या विकाराने अनेक रोगी दगावत. १७७५ साली या विकारावरील एक घरगुती औषध विदरिंग यांच्यापुढे आले. एका वृद्धेने ते गुप्त राखले होते. त्यात वीसएक वनस्पती होत्या. परंतु खरा गुण जांभळ्या फुलांच्या फॉक्सग्लव्हचा, हे त्यांनी ओळखले.

ही वनस्पती विषारी! मात्रा वाढली, की वांत्या होत, डोळ्यांना सारे पिवळे-हिरवे दिसे, नाडी मंदावे आणि प्रसंगी प्राणही जात. म्हणून विदरिंग यांनी तिची पाने वाळवून पूड केली आणि दहा वर्षे मात्रा व परिणाम यांची नोंद ठेवली. विषबाधेचे पहिले चिन्ह दिसताच औषध थांबवावे, असा नियम त्यांनी घालून दिला. १७८५ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी यशाबरोबर अपयशही प्रांजळपणे नोंदविले.

१७९९ साली ते निवर्तले. फॉक्सग्लव्हच्याच जातीच्या वनस्पतीपासून काढलेले डिगॉक्सिन आजही काही हृदयरोग्यांना अगदी मोजून देतात. एकाच पानात विष आणि औषध वसते. भेद केवळ मात्रेचा!