मिगेल दे सर्व्हान्तेस

मिगेल दे सर्व्हान्तेस (१५४७ – २२ एप्रिल, १६१६) हे स्पॅनिश कादंबरीकार, नाटककार व कवी होते. 'डॉन किहोते' या कादंबरीमुळे ते जगद्विख्यात झाले. तत्पूर्वी पाच वर्षे ते खंडणीसाठी अल्जीयर्स येथे बंदिवासात होते.

पूर्वायुष्य

त्यांचा जन्म माद्रिदजवळील आल्काला दे एनारेस येथे झाला. वडील शस्त्रवैद्य होते; घरची परिस्थिती बेताची होती. १५७१ साली लेपान्तोच्या आरमारी युद्धात त्यांचा डावा हात कायमचा निकामी झाला.

बंदिवास

सप्टेंबर १५७५ मध्ये नेपल्सहून स्पेनला परतताना चाच्यांनी त्यांचे जहाज पकडले. धाकटा भाऊ रोद्रिगोही सोबत होता. सर्व्हान्तेस यांच्याजवळ सेनापती डॉन हुआन यांचे शिफारसपत्र सापडले. त्यावरून ते कोणी बडे असामी असावेत असा समज होऊन त्यांची खंडणी वाढली.

खंडणीचा व्यवहार

अल्जीयर्समध्ये अपहरण हा उघड व्यवसाय होता. जहाजास भांडवल पुरवणारे, कप्तान व खलाशी यांच्यात लूट वाटली जाई आणि शासकालाही हिस्सा मिळे. त्यामुळे तो थांबवण्यात सत्ताधाऱ्यांचे हित नव्हते. ख्रिस्ती सत्तेखालील माल्टा येथेही मुस्लिम बंद्यांचा असाच व्यापार चाले. स्पेनमधील ट्रिनिटेरियन व मर्सिडेरियन हे धर्मसंघ देणग्या जमवून बंदी सोडवून आणीत. या दयाकार्याने असंख्य लोक घरी परतले. मात्र पैसा मिळण्याच्या खात्रीमुळे नवे बंदी पकडणेही किफायतशीर ठरले. ज्यांच्यासाठी पैसा उभा राहत नसे, ते वल्ही मारण्यास वा मजुरीस जुंपले जात.

सुटका

सरकारी मदत मिळावी म्हणून आई लेओनोर दे कोर्तिनास यांनी पती हयात असताना स्वतःस विधवा म्हणवले. जमलेली रक्कम दोघांना पुरेशी नसल्याने १५७७ मध्ये एकटा रोद्रिगो सुटला. सर्व्हान्तेस यांचे पलायनाचे चार प्रयत्न फसले. त्यांना कॉन्स्टॅन्टिनोपलला नेण्याची तयारी झाली असताना १९ सप्टेंबर, १५८० रोजी ट्रिनिटेरियन धर्मगुरू हुआन हिल यांनी ५०० सुवर्ण एस्कुदो भरून त्यांची सुटका केली. कुटुंबाने दिलेले ३०० दुकाते अपुरे पडल्याने उरलेली रक्कम हिल यांनीच उभी केली.

उत्तरायुष्य

बंदिवासाचा अनुभव त्यांच्या 'लोस त्रातोस दे आर्हेल' या नाटकात आणि 'डॉन किहोते'च्या पहिल्या भागातील (१६०५) बंदिवानाच्या कथेत उतरला आहे. माद्रिद येथे त्यांचे निधन झाले. ज्या संघाने त्यांना सोडवले, त्याच ट्रिनिटेरियन संघाच्या मठात त्यांचे दफन झाले.