इंग्रजांपूर्वीच्या दोन लढाया : झाशीच्या राणीचे विस्मृतीत गेलेले पाच महिने

ब्रह्मा घाट (वाराणसी), 19 नोव्हेंबर : काशीच्या ब्रह्मा घाटापासून दुर्गा घाट आणि पंचगंगा घाटापर्यंतच्या अरुंद गल्ल्यांत मराठी घराण्यांची वस्ती 18व्या शतकापासून आहे. पेशव्यांच्या आश्रयाने येथे घाट बांधले गेले, वाडे उभे राहिले आणि वेदपाठशाळांसाठी दक्षिणेतून विद्वान कुटुंबे येऊन स्थिरावली. काशीतील याच मराठी समाजाने देशाला झाशीची राणी लक्ष्मीबाई दिली. गंगेच्या वरच्या अंगाला, अस्सीजवळच्या भदैनी भागात त्यांचे जन्मस्थान असून तेथे त्यांचे स्मारक आहे. आज त्यांची जयंती.

लक्ष्मीबाईंचे नाव घेताच डोळ्यांपुढे उभा राहतो तो 1858 च्या वसंतातील झाशीचा वेढा आणि ग्वाल्हेरजवळचे हौतात्म्य. मात्र इंग्रजांच्या तोफा झाशीसमोर येण्यापूर्वीच राणीला दोन लढाया लढाव्या लागल्या होत्या. त्यांतील एक प्रतिस्पर्धी सासरच्या नात्यातला होता, तर दुसरा शेजारचे राज्य. राज्यकर्ती आणि सेनानी म्हणून लक्ष्मीबाई घडल्या त्या जून ते ऑक्टोबर 1857 या पाच महिन्यांत.

मोरोपंत तांबे आणि भागीरथीबाई यांची ही कन्या. पाळण्यातले नाव मणिकर्णिका, घरात मनू. 1828 हे त्यांचे जन्मवर्ष रूढ आहे. काही अभ्यासक 1835 हे वर्ष मानतात. पेशवाई बुडाल्यानंतर दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजी अप्पा काशीत वास्तव्यास होते आणि मोरोपंत त्यांच्या पदरी होते. चिमाजी अप्पांच्या मृत्यूनंतर तांबे कुटुंब कानपूरजवळील ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, बाजीरावांच्या आश्रयास गेले. आईचे छत्र लहानपणीच हरपलेली मनू तेथे घोड्यावर बसणे व शस्त्र चालविणे शिकली. 1842 मध्ये झाशीचे संस्थानिक गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी विवाह होऊन ती लक्ष्मीबाई झाली.

ज्या झाशीत त्या आल्या, तेही मुळात मराठ्यांनी वसविलेले ठाणेच होते. तेथील किल्ला 17व्या शतकाच्या आरंभी ओरछाचा बुंदेला राजा बीरसिंह देव याने बांधला. छत्रसालाने थोरल्या बाजीरावास बुंदेलखंडाचा हिस्सा दिल्यानंतर मराठ्यांचा या प्रदेशात शिरकाव झाला. 1742 मध्ये सुभेदार म्हणून आलेल्या नारो शंकर यांनी किल्ला वाढविला आणि शहर वसविले. दक्षिणेतून कारकून, सावकार, पुरोहित व शिलेदार येत राहिले. पुढे सुभेदारी नेवाळकर घराण्याकडे आली. ओरछाच्या दरबाराच्या दृष्टीने मात्र झाशी ही आपल्याच भूमीवर परक्यांनी थाटलेली गादी होती. हा जुना सल पुढे 1857 मध्ये उफाळून आला.

राणीचा पुत्र 1851 मध्ये जन्मला आणि काही महिन्यांतच दगावला. 21 नोव्हेंबर 1853 रोजी गंगाधररावांचे निधन झाले. आदल्याच दिवशी त्यांनी इंग्रज अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत नात्यातील आनंदराव या बालकाला दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले होते. गव्हर्नर जनरल डलहौसी याने हे दत्तकविधान नाकारून 1854 मध्ये झाशी खालसा केली. राणीला दरमहा 5 हजार रुपयांचे निवृत्तिवेतन देऊ करण्यात आले. किल्ला हातून गेला, फौज मोडली गेली. राणीने वकिलांमार्फत अर्जामागून अर्ज केले. ते सर्व फेटाळले गेले.

5 जून 1857 रोजी झाशीतील पलटणीने बंड केले. 8 जून रोजी किल्ल्यातून शरण आलेल्या सुमारे 60 युरोपीयांची, त्यांत स्त्रिया व मुलांचीही, जोखनबागेत कत्तल झाली. राणीकडून पैसा घेऊन बंडवाले दिल्लीच्या दिशेने निघून गेले. झाशीत आता ना कंपनीचा अंमल उरला होता, ना फौज. राणीने घडलेला प्रकार सागर विभागाचा कमिशनर अर्स्किन याला पत्रांद्वारे कळविला. नवा अधिकारी येईपर्यंत कंपनीच्या वतीने कारभार पाहावा, असे त्याने जुलैच्या आरंभी उत्तर दिले. कलकत्त्याच्या सरकारने मात्र राणीकडे संशयानेच पाहिले. कत्तलीतील त्यांच्या सहभागाबाबत इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. तसा निर्णायक पुरावा पुढे आलेला नाही. तरीही तो डाग इंग्रजांच्या दफ्तरातून कधी पुसला गेला नाही.

या पोकळीचा लाभ घेणारा पहिला दावेदार नेवाळकर घराण्यातूनच पुढे आला. खानदेशातील पारोळ्याच्या शाखेतील सदाशिवराव नारायण याने 1853 नंतरही झाशीच्या गादीवर हक्क सांगितला होता. जून 1857 मध्ये त्याने झाशीच्या पश्चिमेचा करैराचा किल्ला घेतला आणि स्वतःला झाशीचा महाराज म्हणवून घेतले. आसपासच्या गावांत त्याची द्वाही फिरू लागली. राणीने जमेल तेवढे सैन्य उभे करून करैरावर पाठविले. सदाशिवराव शिंद्यांच्या मुलखात नरवरकडे पळाला. तेथून त्याने पुन्हा उचल खाल्ली, तेव्हा त्याला पकडून झाशीच्या किल्ल्यात कैदेत टाकण्यात आले. ही लढाई छोटी होती. मात्र झाशीत हुकूम कोणाचा चालतो, हे तिने ठरविले.

दुसरे संकट याहून मोठे होते. ओरछाची गादी तेव्हा अल्पवयीन राजाच्या नावे होती आणि कारभार राजमाता लडई सरकार पाहत होत्या. त्यांचा दिवाण नत्थेखान ऑगस्ट 1857 मध्ये फौजेसह झाशीच्या मुलखात शिरला आणि त्याने मऊराणीपूर घेतले. सप्टेंबरच्या आरंभी त्याचा वेढा झाशीला पडला. आपण इंग्रजांच्या बाजूने लढत आहोत, असा ओरछाचा दावा होता. इंग्रज देत होते ते वेतन आम्ही देऊ, शहर व किल्ला हवाली करा, असा निरोप नत्थेखानाने धाडल्याचे मराठी चरित्रग्रंथांत नमूद आहे. राणीने तो धुडकावला.

लढायचे तर कशाने, हा खरा प्रश्न होता. संस्थान खालसा होताना पुरून ठेवलेल्या तोफा उकरून काढण्यात आल्या व बुरुजांवर चढविण्यात आल्या. दारूगोळ्याचे कारखाने सुरू झाले. जवाहरसिंह, रघुनाथसिंह यांसारखे बुंदेला सरदार बोलावले गेले, पठाणांची भरती झाली. तोफखाना गुलाम गौस खान याच्याकडे होता. बाणपूरचा राजा मर्दनसिंह राणीच्या बाजूस आला. दरम्यान राणीने इंग्रज अधिकाऱ्यांकडेही मदत मागितली. ज्यांच्या वतीने त्या कारभार पाहत होत्या, त्यांच्याकडून मात्र मदत आली नाही. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात नत्थेखानाला वेढा उठवून माघार घ्यावी लागली.

या विजयाने दोन गोष्टी घडल्या. पुढे इंग्रजांविरुद्ध झाशी लढविणारी माणसे आणि तोफा याच वेढ्यात एकत्र आल्या. मात्र शेजारच्या राज्यांशी वैर कायमचे जडले आणि कंपनीवरचा उरलासुरला भरवसाही संपला. 1858 च्या प्रारंभापर्यंत राणी इंग्रजांशी पत्रव्यवहार करीत होत्या. उत्तरादाखल आले ते सर ह्यू रोज याचे सैन्य. 21 मार्च रोजी त्याने झाशी गाठली. 1 एप्रिल रोजी बेतवाकाठी तात्या टोपे यांच्या कुमकेचा पराभव झाला आणि 3 एप्रिल रोजी तट फुटला. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा झाशीत होते. ‘माझा प्रवास’ या त्यांच्या ग्रंथात लुटीचे व कत्तलीचे प्रत्यक्षदर्शी वर्णन आले आहे.

4 एप्रिलच्या रात्री राणी दामोदररावांसह किल्ल्याबाहेर पडल्या. मोरोपंत तांबे जखमी अवस्थेत दतियाला पोहोचले. त्या शेजारी राज्याने त्यांना इंग्रजांच्या हवाली केले आणि झाशीत त्यांना फाशी देण्यात आली. कोंच व काल्पीच्या पराभवांनंतर 1 जून रोजी राणी, तात्या टोपे व रावसाहेब यांच्या सैन्याने ग्वाल्हेर घेतले. जूनच्या मध्यास कोटा की सराय येथील रणांगणावर लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या. त्यांच्या हौतात्म्याची तारीख काही ठिकाणी 17, तर काही ठिकाणी 18 जून अशी नोंदली आहे.

1857 च्या जूनमध्ये राणीकडे राज्य नव्हते, सैन्य नव्हते आणि कोणाचा खात्रीचा आधारही नव्हता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये एका राज्याची चढाई परतविणारी फौज त्यांच्या मागे उभी होती. ह्यू रोजला मार्चमध्ये जी झाशी सज्ज दिसली, ती करैरा आणि ओरछाविरुद्धच्या या लढायांनी सज्ज केली होती. काशीत जन्मलेल्या, बिठूरला वाढलेल्या आणि झाशीत नांदायला आलेल्या मनूने एका उपऱ्या ठाण्याला आपली भूमी मानले आणि त्याच भूमीसाठी शेवटपर्यंत झुंज दिली.